आरओ घेण्याआधी पाणी तपासा: गावच्या पिण्याच्या पाण्याचा खर्च

घरात आरओ बसवायचा विचार असेल, तर ते बारा-पंधरा हजार रुपये आठवडाभर खिशातच राहू द्या. आधी पाणी तपासून घ्या. पाण्यात जंतू आहेत, क्षार आहेत, फ्लोराइड आहे की नुसताच गढूळपणा, यावर उपाय ठरतो आणि उपायावर खर्च. नुसत्या जंतूंसाठी आरओ घेतलात, तर दोन-तीन हजारांच्या किंवा अगदी फुकटातल्या कामाला पंधरा हजार मोजाल. नायट्रेट असलेलं पाणी उकळून प्यायलात, तर गॅसही जाईल आणि नायट्रेट आणखी घट्ट होईल.

ही माहिती ग्रामपंचायतीच्या नळावर, सार्वजनिक विहिरीवर किंवा स्वतःच्या बोअरवर पाणी पिणाऱ्यांसाठी आहे. बाजारातले भाव ढोबळ दिले आहेत. तुमच्या तालुक्याचा भाव टाकून हिशेब पुन्हा मांडा.

तपासणी कुठे, कधी, कितीत

सुरुवात फुकटातल्या तपासणीपासून करा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि गावाला तपासणी संच, म्हणजे एफटीके, देण्याची तरतूद आहे. संच ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो, कधीकधी सीलही न फोडलेला. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारा: संच कुणाकडे आहे, शेवटचा कधी वापरला? स्वच्छ बाटलीत पाणी घेऊन जा. सामू (पीएच), गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि शिल्लक क्लोरीन यांचा अंदाज तासा-दीड तासात मिळतो. यासाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. रसायनांच्या बाटल्यांवरची मुदत मात्र स्वतः वाचा. मुदत संपलेल्या रसायनाने पाणी नेहमीच छान दिसतं.

जंतूंसाठी एच२एसची छोटी बाटली वेगळी मिळते. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, २४ ते ४८ तास ठेवा. पाणी काळं पडलं तर ते तसंच पिऊ नका. काळं पडलं नाही तर निर्धास्त होऊ नका. ही फक्त पहिली चाळणी आहे.

नंतर सरकारी प्रयोगशाळा. ग्रामीण भागातल्या पाणी तपासणीचं काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा बघते. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा प्रयोगशाळा आणि तालुक्यांसाठी उपविभागीय प्रयोगशाळा. ही दुसरी बऱ्याच ठिकाणी ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात सापडते. सामान्य माणसाचा नमुनाही तिथे घेतात आणि फी शासकीय दराने लागते. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: नमुना कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत घेता, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली तुमच्याकडून मिळेल का, आणि रासायनिक व जैविक तपासणीचे दर वेगवेगळे किती. पैसे भरलेत की पावती घ्या. स्रोत सार्वजनिक असेल, तर ग्रामपंचायतीमार्फतच नमुना पाठवायला सांगा. सार्वजनिक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, व्हायलाच हवी. त्याचा खर्च तुमच्या खिशातून जायचं कारण नाही.

कागदपत्रांचा फारसा बाऊ नाही. नाव, गाव, मोबाइल, स्रोत (नळ, विहीर, बोअर, हातपंप), नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ एवढं एका चिठ्ठीवर लिहून न्या. आधारकार्ड जवळ असू द्या.

खासगी प्रयोगशाळेत जायचं असेल, तर एनएबीएल मान्यता आहे का ते आधी बघा. ही मान्यता तपासणीच्या प्रकारानुसार असते. रासायनिक तपासणीला मान्यता आहे म्हणून जंतूंच्या तपासणीलाही असेलच असं नाही. दीड-दोन हजारांपासून पुढे पॅकेज सुरू होतात. पॅकेजात तीसेक घटक दाखवतात, पण गावच्या पाण्यासाठी आठ-दहा पुरतात: सामू, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, गढूळपणा आणि ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू). 'घरी येऊन मोफत तपासणी' करणारा माणूस बहुतेक वेळा यंत्र विकायलाच आलेला असतो. त्याच्याविषयी पुढे.

कधी तपासायचं, हेही महत्त्वाचं. क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी एप्रिल-मे चांगले. पाणी तळाला गेलेलं असतं, खरं रूप दिसतं. जंतूंसाठी पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतरचा आठवडा निवडा. डिसेंबरात तपासून 'आमचं पाणी उत्तम' म्हणणाऱ्या गावाला जुलैची खबर नसते.

नमुना चुकला तर अहवाल चुकला

रासायनिक तपासणीला दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली किंवा कॅन पुरते. त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा. थंड पेयाची बाटली चालेल, पण झाकणाला वास राहिलेला नको.

जंतूंच्या तपासणीचे नियम याच्या बरोबर उलटे आहेत. बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक केलेली. ती विसळायची नाही. क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी तिच्यात आधीच रसायन टाकलेलं असतं. तोटी पुसा, धातूची असेल तर लायटरने किंवा कापूर जाळून तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग भरा. वर बोटभर जागा रिकामी सोडा. झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका. बाटली बर्फात ठेवा आणि सहा तासांत पोचवा. फार तर २४ तास. सकाळी घेतलेला नमुना दुपारपर्यंत दुचाकीच्या डिकीत तापला, तर त्या अहवालावर विसंबू नका.

नमुना टाकीखालच्या नळाचा देऊ नका. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरातला द्या. गळती, फुटलेला व्हॉल्व्ह, गटारातून गेलेली वाहिनी यांचा सगळा हिशेब त्या शेवटच्या नळावर लागतो. शिपाई नमुना न्यायला आला आणि पंपघराजवळूनच बाटली भरायला लागला, तर त्याला शेवटच्या घरापर्यंत चालवत न्या.

जंतूंच्या अहवालाला साधारण दोन-तीन दिवस लागतात, कारण ते वाढवून मोजावे लागतात. 'अर्ध्या तासात बॅक्टेरिया रिपोर्ट' देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अहवालात काय बघायचं

भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ हे मोजमाप. ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. इथे 'थोडे चालतील' असं काही नसतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, त्यालाही सूट नाही. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. कठीणपणा याच रीतीने २०० आणि ६००. सामू ६.५ ते ८.५. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं.

आता अहवालावरून खर्च ठरवा.

ई-कोलाय आढळले आणि टीडीएस ५०० च्या आत असेल, तर आरओ नको. क्लोरीन, उकळणं किंवा यूव्हीचं यंत्र पुरतं. टीडीएस हजाराच्या पुढे, पाणी मचूळ, डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो, अशा ठिकाणी पिण्यापुरत्या आरओचा विचार करा. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. फ्लोराइड १.५ च्या वर असेल तर स्रोत बदलणं पहिलं, आरओ दुसरं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत हा प्रश्न जुना आहे. दातांवर तपकिरी पट्टे पडलेली मुलं गावात दिसली तर बोअरचं पाणी लगेच तपासून घ्या. फ्लोराइड उकळून जात नाही, तुरटीच्या एखाद्या फेऱ्यानेही जात नाही. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर ते पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात अजिबात वापरू नका, उकळूनही नाही. लोहामुळे पाणी ठेवल्यावर तांबूस होतं. रात्रभर उघड्या भांड्यात स्थिरावू दिलं आणि वरचं गाळून घेतलं तर बराच भाग खाली बसतो. चहा काळा पडणं थांबवायला आरओ लागत नाही.

तुरटी गढूळपणा खाली बसवते, जंतू मारत नाही. आधी तुरटी, मग क्लोरीन, हा क्रम पाळा.

गावाचं सगळ्यात स्वस्त काम

हे काम म्हणजे पाण्यात रोज क्लोरीन टाकणं. हिशेब करून बघा. गाव २,००० लोकवस्तीचं, घरं ४००. जलजीवनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे १ लाख १० हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. दिवसाला ५५० ग्रॅम. किलोला ५० रुपये धरले तर साडेसत्तावीस रुपये. वर्षाला दहा हजार. घरामागे वर्षाला २५ रुपये.

थंड पाण्याच्या एका जारच्या किमतीत तुमचं घर वर्षभर जंतूंपासून वाचतं. तरी हेच काम सर्वांत जास्त चुकतं. कारणं साधी आहेत: पावडर संपली, नवीन आली नाही, जलसुरक्षक (गावात क्लोरीन टाकणारा माणूस) लग्नाला गेला, 'वास येतो' म्हणून लोकांनीच ओरड केली. वास येतो म्हणून क्लोरीन बंद करायला लावणाऱ्या शेजाऱ्याला तुम्हीच थांबवा. पाणी भरून तासभर झाकण अर्धवट ठेवलं की वास कमी होतो.

पावडर कशी आहे ते बघा. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं, ओलीजवळ किंवा उन्हात राहिलं की ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे निव्वळ चुना. पोत्यावर आयएसआय खूण आणि उत्पादनाची तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीचं पोतं स्वस्तात घेतलं असेल तर ती बचत नाही. पावडरचा नमुनाही प्रयोगशाळेत तपासतात. ग्रामपंचायतीला शेवटचा अहवाल मागा.

विहिरीत पोत्यातून मूठभर पावडर थेट भिरकावणं बंद करा. आधी पाणी मोजा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येईल. विहीर ६ मीटर रुंद आणि पाणी ३ मीटर असेल, तर साधारण ८५ हजार लिटर; पावडर ४२५ ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत आधी लगदा करा, मग पाणी घालून ढवळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा, खालचा चुना विहिरीत नाही. काम रात्री करा, म्हणजे सकाळी पाणी शेंदेपर्यंत वेळ मिळतो. निदान अर्धा तास पाण्याला हात लावू नका.

क्लोरीन पोचलं की नाही ते ओटी टेस्टने कळतं. छोट्या नळीत पाणी, दोन-चार थेंब द्रावण, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. ही तपासणी रोज व्हायला हवी आणि वहीत नोंद हवी. आरोग्यसेवक किंवा जलसुरक्षक करतो; ग्रामपंचायतीत जाऊन वही मागा. सगळ्या रकान्यांत एकाच शाईने, एकाच दिवशी बसून 'आहे, आहे, आहे' लिहिलेली वही ओळखायला फार अक्कल लागत नाही. तपासलेलं पाणी फेकून द्या. ते द्रावण पोटात जाण्यासारखं नाही.

घरासाठी क्लोरीनच्या द्रावणाची बाटली (मेडिक्लोर वगैरे) आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात पावसाळ्यात मोफत मिळते. किती लिटरला किती थेंब ते बाटलीवर वाचा. प्रत्येक बाटलीची तीव्रता सारखी नसते. थेंब टाकून अर्धा तास थांबा. भांडं झाकलेलं, पाणी काढायला ओगराळं. हात बुडवून तांब्या भरलात की क्लोरीनचे पैसे वाया.

आणि नळाला थेट मोटर लावू नका. वाहिनीत पाणी कमी असताना मोटर ओढते तेव्हा जिथे भेग असेल तिथून गटाराचं पाणीही आत येतं. जास्त पाणी तुम्ही ओढता, जुलाब मात्र साऱ्या आळीला होतात. 'सगळेच लावतात' हे खरं आहे. म्हणूनच ग्रामसभेत ठराव करून सगळ्यांच्या एकदम काढायला लावा.

उकळण्याचा खर्च

दहा लिटर पाणी उकळायला घरगुती शेगडीवर साधारण १३० ते १५० ग्रॅम गॅस जातो. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांच्या आसपास धरला, तर आठ-नऊ रुपये. रोज दहा लिटर उकळलं तर वर्षाला तीन हजारांवर. झाकण ठेवून उकळा. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर पुरे, वीस मिनिटं उकळत ठेवण्याची गरज नाही. साथीच्या दिवसांत हाच पक्का उपाय. वर्षभर रोजचा उपाय म्हणून मात्र क्लोरीनपेक्षा कितीतरी महाग.

आरओ घ्यायचाच असेल तर

दारात आलेला विक्रेता दोन प्रयोग दाखवतो. पहिला टीडीएस मीटरचा. आकडा ३५० आला की चेहरा गंभीर करतो. ३५० हे पिण्याजोगं पाणी आहे. हा मीटर तुम्हाला दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो क्षार मोजतो, जंतू दाखवत नाही. टीडीएस ६० असलेलं पाणीही कावीळ देऊ शकतं.

दुसरा प्रयोग जास्त नाट्यमय असतो. दोन ग्लास, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत लोखंडी दांड्यांचं यंत्र बुडवून वीज सोडतो. तुमचा ग्लास तपकिरी, घाणेरडा, त्याचा स्वच्छ. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो, दांड्यांच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नाहीत म्हणून वीज फारशी वाहत नाही, एवढंच. त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि प्रयोग पुन्हा करायला लावा. बहुतेक जण सामान आवरतात.

यंत्राची किंमत ८ ते २० हजार. त्यापुढचे खर्च आधी लिहून घ्या: बाहेरचा गाळ-फिल्टर आणि त्याचं भांडं वेगळं, जोडणी वेगळी, टाकी उंच नसेल तर पंप वेगळा, गावात व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर. मग दरवर्षी फिल्टर बदलण्याचे सहाशे ते हजार. मेम्ब्रेन दीड ते अडीच हजार, जड पाण्यात ती वर्षभरातही जाते. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, अडीच ते पाच हजार. इथे एकच प्रश्न लेखी विचारा: मेम्ब्रेन यात आहे की नाही? 'सर्व्हिस फ्री, पार्ट वेगळे' म्हणजे एएमसी जवळपास कशाचीच नाही. तालुक्याहून माणूस येण्याचे दर फेरीला तीनशे ते पाचशे मागतात, तेही आधी ठरवा. तांबं, अल्कलाइन, मिनरल अशी जोडपदं किंमत दोन-तीन हजारांनी वाढवतात. तुमच्या अहवालात त्यांची गरज सांगणारा एकही रकाना नसतो.

१४ हजारांचं यंत्र सात वर्षं चाललं आणि देखभालीला वर्षाला चार हजार गेले, तर रोजच्या २० लिटरला वर्षाचे सहा हजार पडतात, लिटरला ८० पैशांच्या आसपास. वीज वेगळी. आणि एका लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर जातं. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा खर्च पैशात मोजता येत नाही. ते पाणी बादलीत धरा, फरशी-भांड्यांना वापरा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले, त्यामागे ही नासाडीच होती.

फ्लोराइड किंवा नायट्रेटसाठी आरओ घेतलात, तर बसवल्यावर महिन्याभरात आणि मग दर वर्षी बाहेर येणारं पाणी एफटीकेवर तपासा. मेम्ब्रेन थकली की पाण्याची चव आधी बदलत नाही.

जार, एटीएम, टँकर

वीस लिटरचा थंड पाण्याचा जार ३० ते ४० रुपये, जारची अनामत दीड-दोनशे. रोज एक घेतला तर वर्षाला जवळपास अकरा हजार किंवा त्याहून जास्त, म्हणजे आरओच्या जवळपास दुप्पट. आणि हा उघड्या झाकणाचा जार पॅकबंद पाणी नव्हे. सीलबंद पाण्यावर १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच आणि तारीख असते. थंड जारवर यातलं काहीच नसतं, म्हणून तक्रार करताना हातात काही राहत नाही. पाणी थंड आहे याचा अर्थ शुद्ध आहे असा होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही तपासलं आणि ज्यांचे नमुने दूषित निघाले ते बंद करायला लावले. जारवाल्याकडे गेल्या तीन महिन्यांतला जैविक अहवाल मागा. 'आमचं पाणी तर डॉक्टरही घेतात' हा अहवाल नव्हे.

लग्नकार्याला पन्नास-शंभर जार घेता तेव्हा भाव पाडून घेण्याआधी हे विचारा: आतून जार कशाने आणि कधी धुतले? हातात घेऊन उजेडात धरा. आतून हिरवट चकती दिसली तर परत करा.

ग्रामपंचायतीचं पाण्याचं एटीएम परवडतं: पाच रुपयांना वीस लिटर, वर्षाला १,८२५. कार्ड असेल तर अनामत परत मिळते का ते विचारा. एटीएमवर मेम्ब्रेन बदलल्याची आणि टाकी धुतल्याची तारीख लिहिलेली हवी. नसेल, तर ती लिहायला लावणं हे तुमचं पहिलं काम. तोटीला लावलेला नळीचा तुकडा काढून टाकायला सांगा. जंतू तिथेच मुक्काम करतात.

टंचाईत सरकारी टँकर मोफत असतो. चालकाला 'चहापाणी' देऊन आपल्या आळीत आधी वळवणं ही वाईट सवय. त्याच्या खेपांची नोंद ग्रामपंचायतीत असते, ती बघा. खासगी टँकर घेताना अंतरापेक्षा स्रोत महत्त्वाचा. कोणत्या विहिरीवर भरला? टीसीएल भरतानाच टाकली का? टाकी गेल्या महिन्यात फवारणीच्या पाण्याला वापरली होती का? शेवटचा प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच.

ग्रामपंचायतीत काय मागायचं

तुमचं गाव कोणत्या रंगाचं आहे ते विचारा. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, सार्वजनिक स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला कार्ड देतो: धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड आणि साथ नाही, तर चंदेरी. लाल किंवा पिवळं असेल, तर त्यासोबत त्रुटींची यादी असते: हातपंपाचा ओटा फुटला, गटार जवळून जातं, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचतं. ती यादी मागा. यादीतली कामं फार मोठी नसतात. एका ओट्याचं सिमेंट आरओच्या किमतीत सहज होतं.

'निधी नाही' असं उत्तर आलं, तर हे लक्षात ठेवा: पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. त्यातून काय घेतलं, ते ग्रामसभेत विचारा. टीसीएलला पैसे नाहीत आणि स्वागतकमानीला आहेत, हे कागदावर आणलं की उत्तरं बदलतात. पाणीपट्टीची पावती जपून ठेवा. थकबाकी असेल तर आधी भरा, नाहीतर तुमच्या तक्रारीआधी तुमची थकबाकी वाचून दाखवतील.

नवीन नळजोडणीला साधा अर्ज, नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती आणि आधार लागतं. अनामत आणि जोडणीचा दर ग्रामपंचायतीच्या ठरावाप्रमाणे. ठरावाची प्रत बघितल्याशिवाय प्लंबरच्या हातात रोख देऊ नका. योजनेत जोडणी मिळाली असेल, तर 'मीटरचे वेगळे', 'खोदाईचे वेगळे' असं तोंडी सांगणाऱ्याकडे पावती मागा.

तक्रारीचा क्रम असा: ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), मग पंचायत समितीत गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचे कार्यकारी अभियंता. एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब किंवा कावीळ दिसली तर हा क्रम सोडा; थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा, त्याच दिवशी. अ प्रकारची कावीळ पाणी पोटात गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी दिसते. पहिला रुग्ण पिवळा दिसेपर्यंत दूषित पाणी महिनाभर सगळ्यांनी प्यायलेलं असू शकतं, म्हणून 'अजून एक-दोनच आहेत' म्हणून थांबू नका.

तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. मागा एवढंच: गेल्या वर्षभरातले पाणी तपासणीचे अहवाल, टीसीएल खरेदीची बिलं आणि पावडर तपासणीचे अहवाल, ओटी टेस्टच्या वहीच्या गेल्या तीन महिन्यांच्या प्रती, आणि शेवटच्या सर्वेक्षणाचं कार्ड. प्रतीला पानामागे दोन रुपये. उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.